सांधा कोणाच्या अखत्यारीत?

अवकाशयानांच्या यशापयशाची हकीकत सांगताना आपण बहुधा शास्त्रज्ञांच्या प्रतिभेचे आणि अंतराळवीरांच्या धैर्याचे गुणगान करतो. आणि या दोहोंच्या पाठीशी मसुदे, मंजुऱ्या, कंत्राटे, तपासण्या आणि सह्या यांचा जो अफाट व्यवहार वर्षानुवर्षे चाललेला असतो, त्याची ‘कारकुनी’ या एका शब्दात बोळवण करतो. एखाद्या राष्ट्राने आपल्याच खजिन्यातून आणि आपल्याच माणसांकरवी चालविलेल्या कार्यात ही उपेक्षा कदाचित खपूनही जाईल. परंतु जेथे सात किंवा दहा सार्वभौम राष्ट्रे एकत्र येऊन एकच अग्निबाण बांधू पाहतात, तेथे हा कारभार हाच त्या कार्याचा कणा होऊन बसतो. युरोपचा अनुभव या बाबतीत विशेष बोधप्रद आहे. कारण तेथे बहुतांशी त्याच राष्ट्रांनी आणि त्याच कारखान्यांनी प्रथम सपशेल अपयश आणि नंतर दहा वर्षांच्या आत निर्विवाद यश मिळविले, आणि या दोहोंमधील अंतर तंत्रविद्येच्या प्रगतीपेक्षाही एका साध्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होते. तो प्रश्न असा, की दोन भाग जेथे एकमेकांस जुळतात, तो सांधा कोणाच्या अखत्यारीत?

ब्रिटनने ‘ब्लू स्ट्रीक’ नावाचे दूर पल्ल्याचे क्षेपणास्त्र बांधावयास घेतले होते. 1960 साली लष्करी उपयोगासाठी ते रद्द करण्यात आले, तेव्हा त्यावर झालेला खर्च अगदीच पाण्यात जाऊ नये म्हणून एका युरोपीय उपग्रहवाहक अग्निबाणाचा पहिला टप्पा म्हणून ते पुढे करण्याची तजवीज निघाली. 1962 मध्ये करारावर सह्या होऊन 1964 मध्ये ‘एल्डो’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाणारी संघटना रीतसर अस्तित्वात आली, आणि कामाची वाटणी झाली ती अशी: पहिला टप्पा ब्रिटनचा, ‘कोराली’ हा दुसरा टप्पा फ्रान्सचा, ‘आस्ट्रिस’ हा तिसरा पश्चिम जर्मनीचा, चाचणी-उपग्रह इटलीचा, जमिनीवरून मार्गदर्शन करणारी यंत्रणा बेल्जियमची, दूरमापनाची साधने हॉलंडची, आणि उड्डाणासाठी वूमेराचे वाळवंट ऑस्ट्रेलियाचे. अग्निबाणाचे नाव अर्थातच ‘युरोपा’ ठेवण्यात आले. कागदावर ही वाटणी इतकी न्याय्य दिसत होती, की तिच्यात प्रत्येकाचा मान राखला गेला होता, प्रत्येकाच्या कारखान्याला काम मिळाले होते, आणि फक्त अखंड अग्निबाण असा कोणाच्याच वाट्याला आला नव्हता.

त्याचे फळ यावयास वेळ लागला नाही. ब्रिटिश टप्पा जवळजवळ दर खेपेस चोख काम करी. परंतु 1967 मध्ये दोनदा दुसऱ्या टप्प्याने दगा दिला, 1968 आणि 1969 मध्ये तिसऱ्याने, आणि जून 1970 मध्ये तिन्ही टप्पे चालले तर उपग्रहावरचे नाकाडासारखे आवरणच सुटले नाही, आणि त्या जादा वजनाने सारा डोलारा कक्षेपर्यंत पोहोचलाच नाही. पुढे उड्डाणस्थळ फ्रेंच गियानातील कुरू येथे हलविण्यात आले. तेथून 5 नोव्हेंबर 1971 रोजी सुधारलेला अग्निबाण उडाला, आणि पहिला टप्पा जळत असतानाच नष्ट झाला. चौकशीत असे दिसून आले, की वरच्या आवरणावर साठलेला स्थितिक विद्युद्भार तिसऱ्या टप्प्यातील यंत्रणेत उतरला आणि मार्गदर्शन करणारा संगणक जागच्या जागी थिजला. आवरण एकाचे, टप्पा दुसऱ्याचा, संगणक तिसऱ्याचा. विजेच्या त्या भाराला जमिनीचा मार्ग कोणी दाखवावयाचा, हे मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत स्पष्ट नव्हते.

हे असे का घडले, याचे उत्तर एल्डोच्या घटनेत आहे. तिच्या सरचिटणिसाचे पद भारदस्त होते, परंतु अधिकार बेताचा होता. कारण कारखान्यांशी कंत्राटे करीत ती त्या त्या देशांची सरकारे, पैसा देत तीही सरकारे, आणि कामात कुचराई झाल्यास जाब विचारण्याचा हक्कही त्यांचाच. सरचिटणिसाने विनंती करावी, स्मरणपत्रे धाडावीत आणि बैठकी बोलवाव्यात. एखाद्या टप्प्याची जोडणी सदोष आहे असे त्याच्या अभियंत्यांना ढळढळीत दिसत असले, तरी ते काम थांबविण्याचा हुकूम तो देऊ शकत नव्हता. सामाईक विहिरीचे पाणी सारे भाऊबंद उपसतात आणि गाळ काढावयाची वेळ आली की ज्याचा तो आपापल्या शेतात कामात असतो, त्यातलाच हा प्रकार होता. 1973 मध्ये ही योजना गुंडाळण्यात आली, आणि तोवर झालेल्या खर्चाच्या बदल्यात युरोपच्या पदरी कक्षेत फिरणारा एकही उपग्रह पडला नव्हता.

त्याच वर्षी, 31 जुलै रोजी, ब्रुसेल्स येथे भरलेल्या मंत्र्यांच्या परिषदेत जी तडजोड झाली, ती मुत्सद्देगिरीचा एक नमुनाच म्हणावी लागेल. फ्रान्सला स्वतःचा अग्निबाण हवा होता, जर्मनीला अमेरिकेच्या अंतराळयानातून जाणारी ‘स्पेसलॅब’ ही प्रयोगशाळा हवी होती, आणि ब्रिटनला सागरी दळणवळणाचा उपग्रह हवा होता. बेल्जियमचे मंत्री शार्ल आनँ यांच्या अध्यक्षतेखाली या तिन्ही गरजांची एक मोळी बांधण्यात आली, आणि एल्डो व युरोपची अवकाशसंशोधन संघटना या जुन्या दोन्ही संघटनांचे विसर्जन करून एकच संस्था उभारण्याचा निर्णय पक्का झाला. 30 मे 1975 रोजी दहा राष्ट्रांनी सह्या केलेल्या सनदेतून युरोपीय अवकाश संस्था, म्हणजेच ‘इसा’, जन्मास आली.

तिचे पहिले महासंचालक रॉय गिब्सन हे शास्त्रज्ञही नव्हते आणि अग्निबाणांचे अभियंतेही नव्हते. मलायातील ब्रिटिश मुलकी सेवेत त्यांची उमेदवारी झाली, त्यानंतर ब्रिटनच्या अणुशक्ती खात्यात त्यांनी काम केले, आणि युरोपच्या अवकाशसंशोधन संघटनेत ते प्रशासनाचे प्रमुख या नात्याने वर चढले. अशा माणसाच्या हाती युरोपचा अवकाशाचा संसार सोपविला जावा, हा योगायोग मानता येत नाही. मागील बारा वर्षांच्या अनुभवाने मंत्र्यांना इतके तरी कळून चुकले होते, की आपल्याजवळ इंजिने जाणणारी माणसे पुष्कळ आहेत, उणीव आहे ती दहा राष्ट्रांचे हट्ट एका जमाखर्चात बसविणाऱ्याची. पुढे याच गादीवर खगोलभौतिकीचे पंडित, उद्योगपती आणि स्थापत्य अभियंते असे नाना वळणांचे लोक बसले. 2021 मध्ये महासंचालक झालेले ऑस्ट्रियाचे योझेफ आशबाखर यांनी तर 1990 मध्ये याच संस्थेच्या इटलीतील केंद्रात पदवीधर उमेदवार म्हणून आपल्या नोकरीस आरंभ केला होता.

नव्या सनदेत दोन कलमे अशी होती, की ज्यांनी एल्डोची जखम बरीचशी भरून काढली. पहिले असे, की उद्योगांशी कंत्राटे संस्था स्वतः करील. म्हणजे जो काम मागतो तोच ते तपासणार आणि पैसाही तोच अडवू शकणार. दुसरे असे, की महासंचालक आणि त्याचे कर्मचारी यांची निष्ठा केवळ संस्थेशी राहील, आणि त्यांनी कोणत्याही सरकारकडून आदेश मागू नयेत व स्वीकारूही नयेत. फ्रेंच माणूस पॅरिसच्या कचेरीत बसून जर्मन कारखान्याची बाजू खरी म्हणू शकतो, आणि त्याबद्दल त्याच्या मायदेशात कोणी त्याच्याकडे वाकड्या डोळ्याने पाहू शकत नाही, ही गोष्ट या कलमाशिवाय शक्य नव्हती.

राष्ट्रांचा स्वार्थ मात्र सनदेने नाहीसा होत नसतो. त्याला शिस्त लावता येते, एवढेच. इसाची सदस्यराष्ट्रे विज्ञानाच्या आवश्यक कार्यक्रमासाठी आपापल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने वर्गणी देतात आणि बाकीच्या कार्यक्रमांत मर्जीनुसार भाग घेतात. परंतु दोन्हीकडे प्रत्येकाची अपेक्षा अशी असते, की आपण घातलेला पैसा कंत्राटांच्या रूपाने आपल्याच कारखान्यांकडे परत यावा. हा परतावा एका गुणांकाने मोजला जातो, आणि तो एकाच्या जवळ राहावा अशी खटपट चालते. त्यामुळे इसातील कंत्राट अधिकाऱ्याला एखादे यंत्र कोठे उत्तम बनते याबरोबरच, कोणत्या राष्ट्राचे येणे राहून गेले आहे, याचाही हिशेब ठेवावा लागतो. या पद्धतीने वस्तू महाग पडतात हे खरे. परंतु तिच्यावाचून लहान राष्ट्रांनी थैलीचे तोंड सोडले असते असे मानण्यास जागा नाही.

‘आरियान’ अग्निबाणाच्या बाबतीत याहीपुढचे पाऊल टाकण्यात आले. खर्चाचा साठ टक्क्यांहून अधिक भाग फ्रान्सने उचलला, अंदाजाबाहेरील खर्चाची जोखीम मुख्यत्वे स्वतःकडे घेतली, आणि त्या मोबदल्यात साऱ्या जोडणीची मुखत्यारी आपल्या राष्ट्रीय अवकाश केंद्राकडे घेतली. डिसेंबर 1979 मध्ये पहिल्या उड्डाणाच्या प्रयत्नात इंजिने पेटली, आणि एका मोजमापातील विसंगतीमुळे काही क्षणांतच बंद करण्यात आली. अग्निबाण जागचा हलला नाही. कोणी कोणास विचारावे असा प्रश्न या वेळी उद्भवला नाही. दोष हुडकून काढण्यात आला, आणि 24 डिसेंबर रोजी आरियान कक्षेत पोहोचला. याच घराण्यातील ‘आरियान 4’ने पुढे 116 उड्डाणे केली आणि त्यांपैकी 113 यशस्वी झाली.

या उद्योगात नोकरी करणारा मनुष्य दिवसभर करतो तरी काय, हे जवळून पाहिले म्हणजे सांध्याचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. दोन कारखान्यांनी बनविलेली दोन यंत्रे जेथे भेटतात, तेथे एक दस्तऐवज असतो. त्याला ‘इंटरफेस कंट्रोल डॉक्युमेंट’ आणि रोजच्या बोलण्यात नुसते ‘आयसीडी’ म्हणतात. बोल्टाची छिद्रे किती व्यासाची, जोडणीतील कोणत्या पिनेवर किती व्होल्ट, एका बाजूकडून दुसरीकडे किती उष्णता वाहू द्यावयाची, संदेशातील बिटांचा क्रम कोणता, हे सारे त्यात नमूद असते. खाली दोन्ही पक्षांच्या सह्या असतात, आणि पुढे एक आकडाही बदलावयाचा तर बदल मंजूर करणाऱ्या मंडळासमोर जावे लागते. आराखड्याची परीक्षा होते तेव्हा परीक्षकाला जी त्रुटी दिसेल ती त्याने लेखी मांडावयाची, आणि कारखान्याने तिला लेखी उत्तर द्यावयाचे, असा शिरस्ता आहे. त्रुटी मांडणारा पंचवीस वर्षांचा नवखा आहे की पंचावन्न वर्षांचा मातब्बर, याचा त्या कागदाच्या वजनाशी संबंध नसतो. उत्तर मिळून तो कागद बंद झाल्याशिवाय काम पुढे सरकत नाही, एवढे खरे.

आणि तरीही सांधा निसटतो. 4 जून 1996 रोजी ‘आरियान 5’ आपल्या पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत फुटून गेला, आणि त्याबरोबर ‘क्लस्टर’ योजनेचे चार वैज्ञानिक उपग्रहही गेले. फ्रेंच गणितज्ञ झाक-लुई लिओन्स यांच्या चौकशी समितीने दीड महिन्यात जो अहवाल दिला, तो कारभाराच्या प्रत्येक अभ्यासकाने वाचण्याजोगा आहे. अग्निबाणाची दिशा आणि वेग सांगणारे उपकरण ‘आरियान 4’मधून जसेच्या तसे उचललेले होते. त्यातील एक 64 बिटांची संख्या 16 बिटांच्या जागेत बसवावयाची होती. जुन्या अग्निबाणाचा आडवा वेग लहान असल्याने ती तेथे नेहमी बसत असे, परंतु नवा अग्निबाण सुरुवातीसच कितीतरी अधिक आडवा वेग घेई, म्हणून ती मावली नाही. राखीव उपकरण आधी बंद पडले आणि पुढच्या निमिषार्धात मुख्य उपकरणही; कारण दोहोंत तीच आज्ञावली होती. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की हे गणित ज्या कामासाठी चालले होते त्या कामाची उड्डाणानंतर या अग्निबाणाला गरजच नव्हती. धोका असलेल्या सात संख्यांपैकी चारांना संरक्षण दिलेले होते आणि तीन तशाच सोडल्या होत्या. हा निर्णय भागीदारांनी निरनिराळ्या पातळ्यांवर मिळून घेतला होता, आणि नव्या उड्डाणमार्गाचे आकडे त्या उपकरणाच्या मागणीपत्रात घातलेलेच नव्हते. समितीने आपल्या शिफारशींत गणिताबरोबर कारभाराचाही समाचार घेतला. भागीदारांमधील सहकार्याची रचना अधिक पारदर्शक व्हावी, अधिकार आणि जबाबदारी निःसंदिग्ध असावी, आणि सांधे साधे व स्पष्ट असावेत, असे तिने बजावले. आरियानने पुढे उत्तम नाव मिळविले, आणि ‘क्लस्टर’चे उपग्रह पुन्हा बांधून 2000 साली रशियन अग्निबाणांनी वर धाडण्यात आले.

नेतृत्व म्हणजे केवळ उच्च पद, हा समज खोडून काढणारी एक कथाही याच संस्थेच्या इतिहासात आहे. शनीच्या टायटन या उपग्रहावर उतरण्यासाठी इसाने बांधलेले ‘हायगेन्स’ हे यान नासाच्या ‘कॅसिनी’ यानावर बसून ऑक्टोबर 1997 मध्ये निघाले. उतरताना हायगेन्सने संदेश धाडावेत, कॅसिनीने ते ऐकून पृथ्वीकडे पाठवावेत, अशी योजना होती. जर्मनीतील डार्मस्टाट येथील इसाच्या नियंत्रण केंद्रातील स्वीडिश अभियंते बोरिस स्मेड्स यांच्या मनात असे आले, की दोन्ही यानांच्या सापेक्ष वेगामुळे संदेशाची कंप्रता बदलते, आणि त्या बदलासह ही साखळी आरंभापासून शेवटापर्यंत कोणी तपासलेलीच नाही. अशी तपासणी करण्याची खटपट काहींना अनावश्यक वाटत होती; स्मेड्स यांनी ती लावून धरली. फेब्रुवारी 2000 मध्ये कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथील प्रचंड अँटेनावरून त्यांनी हायगेन्सचा बनावट संदेश कॅसिनीला ऐकविला, आणि संदेश पोहोचूनही त्यातील माहिती वाचता येत नाही असे निष्पन्न झाले. वाहक लहरीतील बदल स्वीकारयंत्र सांभाळी, परंतु त्यावर आरूढ झालेल्या माहितीच्या गतीतील बदल त्याला सांभाळता येत नव्हता. यंत्र दुरुस्त करणे शक्य नव्हते, म्हणून कॅसिनीचा मार्गच बदलण्यात आला, जेणेकरून दोन यानांचा सापेक्ष वेग कमी राहावा. 14 जानेवारी 2005 रोजी हायगेन्स टायटनवर सुखरूप उतरले. त्याही दिवशी दुसरे एक स्वीकारयंत्र चालू करण्याची आज्ञा राहून गेल्याने निम्मी छायाचित्रे गमवावी लागली. सांध्याची राखण एकदा करून भागत नाही, हेच खरे.

या सांध्यांपैकी एक थेट आपल्यापर्यंत येऊन पोहोचतो. आरियानचे ‘व्हायकिंग’ इंजिन तयार होत असताना, 1974 मध्ये, इस्रोने ते बनविणाऱ्या फ्रेंच कंपनीशी एक करार केला. त्यात तंत्रज्ञानाच्या मोबदल्यात रोख रक्कम देण्याऐवजी भारतीय अभियंत्यांनी शंभर मनुष्यवर्षे तेथे काम करावयाचे ठरले. नंबी नारायणन यांच्या नेतृत्वाखाली आपले लोक फ्रान्समधील व्हेर्नों येथे गेले, इंजिन कसे बनते ते हाताने शिकले, आणि परतल्यावर त्यातून ‘विकास’ इंजिन उभे राहिले. मे 1980 मध्ये आरियानचे दुसरे उड्डाण याच व्हायकिंग इंजिनातील ज्वलनाच्या अस्थिरतेमुळे फसले होते. तरीही 19 जून 1981 च्या तिसऱ्या उड्डाणात इस्रोने ‘अ‍ॅपल’ हा आपला दळणवळण उपग्रह पाठविला, आणि तो कक्षेत जाऊन कामाला लागला. विकास इंजिने आज मुंबईत विक्रोळी येथील गोदरेजच्या कारखान्यातही घडविली जातात, आणि 14 जुलै 2023 रोजी चांद्रयान-3 घेऊन गेलेल्या अग्निबाणाच्या मधल्या टप्प्यात अशी दोन इंजिने होती.

ज्या तरुण वाचकांच्या मनात या क्षेत्राची ओढ आहे, त्यांना एक व्यवहाराची आणि एक स्वभावाची, अशा दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. व्यवहाराची गोष्ट अशी, की इसातील जागा सामान्यतः सदस्यराष्ट्रांच्या नागरिकांनाच मिळतात, म्हणून भारतीय नागरिकाचा राजमार्ग इस्रोच्या केंद्रांतून, किंवा 2020 नंतर या क्षेत्रात मोकळीक मिळालेल्या खाजगी कंपन्यांतून जातो. आणि त्या मार्गावर अभियंत्यांइतकीच करार वाचणाऱ्या वकिलांची, हिशेब जाणणाऱ्या लेखापालांची आणि परभाषा बोलणाऱ्या व्यवस्थापकांची गरज आहे. स्वभावाची गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. आपल्या टेबलावरचे काम चोख करणारी माणसे सर्वत्र सापडतात. दोन टेबलांच्या मधल्या जागेत काही राहून गेले आहे का, हे पाहणारी थोडी असतात, आणि मोठे हुद्दे सरतेशेवटी त्यांच्याचकडे येणे हिताचे असते. तेव्हा गणित शिका, यंत्रे शिका, परंतु त्याबरोबर स्वच्छ टिपण लिहावयासही शिका. आणि जेथे कोणाचीच सही नाही असा सांधा दिसेल, तेथे वरिष्ठांची मर्जी न पाहता आपली शंका लेखी नोंदवा आणि तिच्याखाली आपले नाव घाला.